मदत हवी आहे: स्मरणिकेत विकिपीडियाचं श्रेय कसं द्यायचं?

सुवेळा_माची: मंडळाचं पन्नासावं वर्ष, स्मरणिका काढतोय. राजगडावरची दोन पानं विकिपीडियावरून घेतलीत. खाली 'साभार: गूगल' चालेल ना? उद्या 11 वाजता छपाईला जातंय, डीटीपीवाला खोळंबलाय. लवकर सांगा.

प्रूफवाचक: गूगलने त्यातलं एक अक्षर लिहिलेलं नाही. मराठी विकिपीडिया की इंग्रजी? जसंच्या तसं की काटछाट करून? फोटो आहेत?

बिनधास्त७१: विकिपीडिया सगळ्यांचाच आहे हो. आम्ही चार अंक काढले, कुणी विचारलं नाही.

प्रूफवाचक: मुक्त म्हणजे बेवारस नव्हे. तो मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्सच्या बाय-एसए (सीसी बाय-एसए) या मुक्त वापराच्या परवान्याखाली असतो, 2023 पासून 4.0 आवृत्ती. घ्या, बदला, विकासुद्धा. पण श्रेय द्यायचं, बदल केलाय हे सांगायचं आणि बदललेला मजकूर त्याच परवान्याखाली ठेवायचा.

सुवेळा_माची: मराठीच. निम्मा गाळलाय, शेवटचा परिच्छेद माझा. नेढ्याचा (कड्यातल्या आरपार भोकाचा) फोटोही तिथलाच.

बिनधास्त७१: मग एआयकडून शब्द बदलून घ्या, प्रश्न मिटला.

प्रूफवाचक: वाक्यं तीच फिरवली तर ते रूपांतरच. अट सुटत नाही.

गडवाट: बिनधास्त, तोरण्यावर रात्र कुडकुडत काढून टिपलेला माझा सूर्योदय एका दिनदर्शिकेत 'साभार: इंटरनेट' म्हणून छापून आला. मला पैसे नको होते, नाव हवं होतं. सुवेळा, फोटोचं श्रेय वेगळं द्यायचं. फोटोवर क्लिक करून विकिमीडिया कॉमन्सचं, म्हणजे विकिपीडियाचे फोटो जिथे ठेवतात त्या साइटचं, पान उघडा. लेखकाच्या रकान्यात टोपणनाव असेल तर तेच छापा. परवानाही तिथलाच बघा, प्रत्येक फोटोचा निराळा असू शकतो. कातरला असेल तर तसं लिहा.

डोंगरयात्री: राजगडाला गुंजवण्याकडून जा, चोर दरवाजाची वाट भारी आहे. लहान मुलं असतील तर पाली दरवाजा, तिथे पायऱ्या आहेत.

सुवेळा_माची: दादा, ट्रेक नाही विचारला! लेखाच्या 'इतिहास' टॅबमध्ये ढीगभर नावं आहेत. सगळी छापू?

प्रूफवाचक: नको, लेखाचा दुवा पुरतो, त्या पानावरून इतिहासापर्यंत पोचता येतं. कागदावर दुव्याचा क्यूआर कोड टाका. ओळ अशी: "मराठी विकिपीडियावरील 'राजगड' लेखावर आधारित, लेखन: विकिपीडियाचे योगदानकर्ते, परवाना: सीसी बाय-एसए 4.0, मजकूर संक्षिप्त केला असून शेवटचा परिच्छेद नवा आहे. हा लेखही याच परवान्याखाली." परवान्याचा दुवाही द्या.

गडवाट: आणि हे त्याच पानावर, लेखाखाली. मलपृष्ठावरच्या आभारांत ढकलू नका, तिथे कुणी वाचत नाही.

सुवेळा_माची: म्हणजे अख्खी स्मरणिका मुक्त होणार? अध्यक्ष ऐकणार नाहीत. शिवाय त्याच पानावर सराफाची जाहिरात आहे.

प्रूफवाचक: नाही हो. अट त्या लेखापुरती, बाकीचे लेख ज्याचे त्याचे. जाहिरातीलाही हरकत नाही, या परवान्यात व्यावसायिक वापर चालतो.

सुवेळा_माची: क्यूआर टाकला. ओळ आठ पॉइंटात बसत नव्हती, म्हणून सराफाची चौकट अर्धा इंच वर सरकवली. फोटोखाली छायाचित्रकाराचं टोपणनाव आणि परवाना आलाय. प्रूफ निघालं की इथे टाकते, कुणीतरी जागं राहा.