अंत्यविधीचं पॅकेज २१ हजार, वर जीएसटी... नाशिकमध्ये खरंच एवढं लागतं का?

सिडकोकर
आमच्या बिल्डिंगमधले एक काका रविवारी एका खाजगी हॉस्पिटलात वारले. मुलगा बंगळुरूला, काकू एकट्या, म्हणून सगळी पळापळ आम्हा शेजाऱ्यांकडे. बॉडी ताब्यात यायच्या आतच वॉर्डबॉयने एक कार्ड हातात ठेवलं, हे सगळं करून देतील म्हणे. माणूस लगेच हजर, बोलायला एकदम गोड, काकूंना आई आई करत होता. पॅकेज २१ हजार, त्यात गाडी, तिरडी, सामान, गुरुजी, फुलं. लाकडाचे वेगळे आणि या सगळ्यावर १८ टक्के जीएसटी. काकू म्हणाल्या देऊन टाका, आत्ता काय घासाघीस करायची, मुलगा विमानात, मग दिले. आता मुलगा विचारतोय एवढे कसे झाले. त्यात दहावा व्हायचाय आणि तोच माणूस रोज फोन करतोय, रामकुंडावरचंही मीच बघतो म्हणून. काय करावं?

पंचवटीकर
लाकडाचे वेगळे?? अहो मनपाची मोफत अंत्यसंस्कार योजना आहे, अमरधामात म्हणजे स्मशानात लाकूड-गोवऱ्या त्यातूनच मिळतात, विद्युतदाहिनीपण आहे. निम्म्या नाशिकला हे ठाऊक नसतं आणि ठाऊक असलं तरी त्या वेळी आठवत नाही. बाकी बांबू, कामट्या, सुतळी, मडकं, पांढरं कापड, गुलाल हे सामान दुकानातून स्वतः आणलं तर फार काही होत नाही. खरी गोम अशी की आमच्या वाड्यात कुणी गेलं की तिरडी बांधणारे चार जण न बोलवता यायचे, फ्लॅटमध्ये ते कुणालाच येत नाही, त्या एजंटचा धंदा त्यावरच चाललाय.

हिशोबनीस
जीएसटीचं आधी बघा. अंत्यसंस्कार, दफन, स्मशान, शवागार आणि मृतदेह नेणारी गाडी या सेवा सीजीएसटी कायद्याच्या अनुसूची ३ मध्ये आहेत, म्हणजे त्यावर कर लागतच नाही. २१ हजारावर १८ टक्के म्हणजे ३७८० झाले, ते परत मागा. बिलावर जीएसटी नंबर आहे का तेपण बघा, बऱ्याचदा नसतोच.
आता तो मृत्यूचा दाखला काढून देतो म्हणूनही पैसे मागेल बघा. हॉस्पिटलात मृत्यू झाला तर नोंद कळवायची जबाबदारी हॉस्पिटलचीच असते, २१ दिवसांत नोंद झाली तर लेट फी नाही, नोंदीचा पहिला उतारापण फुकट. आणि हॉस्पिटलचं बिल बाकी आहे म्हणून बॉडी अडवून ठेवता येत नाही, हे सगळ्यांनीच लक्षात ठेवा.

गोदाघाट
माझे वडील गुरुजी आहेत म्हणून लिहितो, सगळ्यांना एका माळेत ओवू नका. एजंट यजमानाकडून जे घेतो त्यातलं गुरुजींच्या हातात किती पडतं ते विचारा एकदा, कट आधीच कापलेला असतो आणि लुबाडलं म्हणून शिव्या बसतात गुरुजींना. दहाव्याला थेट गुरुजींशीच बोला, पिंडाचं सामान, न्हावी, दक्षिणा सगळं आधीच ठरवून घ्या. गोदान, शय्यादान ऐपतीप्रमाणे, नाही केलं तर काही अडत नाही. अजून एक, पंचकात गेले, घरात अजून पाच जातील अशी भीती घालून शांतीचे पैसे काढणारे आहेत. पंचक म्हणजे धनिष्ठेच्या उत्तरार्धापासून रेवतीपर्यंत, घरच्या पंचांगात कुणालाही बघता येतं. आधी बघा, मग काय ते ठरवा.

निफाडची_सून
एजंटने २१ घेतले तर एवढी चर्चा, आमच्याकडे दशक्रियेला या भावकीने किती घालवायला लावले ते कुणी विचारत नाही. मंडप, साउंड, फ्लेक्स, प्रवचनाच्या महाराजांची बिदागी, बुंदी, आणि पिंडाला कावळा शिवायच्या आत पुढाऱ्यांची श्रद्धांजलीची भाषणं, एकेकाची किती लांब. सासरे गेले त्या वर्षी द्राक्षं अवकाळीत गेली होती तरी दीरांचा हट्ट, लोक काय म्हणतील. गावच्या शेती सोसायटीचं कर्ज अजून फिटतंय. मंडपवाला, आचारी, फ्लेक्सवाला, सगळ्यांना माहितीये की या दिवसांत घरचा माणूस भाव करत नाही, लाजतो.

साता_समुद्रापार
अमेरिकेत तर हा मोठाच उद्योग आहे. पण तिथे १९८४ पासून फ्युनरल रूल आहे, प्रत्यक्ष जाऊन विचारलं की छापील दरपत्रक द्यावंच लागतं, शवपेटी बाहेरून आणली तरी जास्तीचे पैसे लावता येत नाहीत. आपल्याकडे निदान दर लिहून मागायला काय हरकत आहे?

पंचवटीकर
लिहून कोण देतंय! त्यापेक्षा घरचा नाही असा एक जण पैशाला पुढे करा, साडू, शेजारी, ऑफिसचा कुणी. मुलाला आणि बायकोला पाकीट काढूच देऊ नका. परका माणूस विचारतो, घरच्याला विचारवत नाही.

सिडकोकर
सगळ्यांचे आभार. बिल आत्ता काढून बघितलं, जीएसटी नंबर नाहीचे, नुसता पावती पुस्तकातला कागद. उद्या मुलाला घेऊन जातो त्याच्याकडे, ३७८० आणि लाकडाचे दोन्ही मागतो. गोदाघाट, दहाव्याचं तुमच्या वडिलांशी बोलायचंय, व्यक्तिगत निरोप केलाय, बघा जरा.