बायपॉडला मराठीत काय म्हणावं? आणि त्याने 'अचूकता' वाढते का?

गिरगावहून

नमस्कार मंडळी. नेमबाजीवरच्या एका माहितीपुस्तिकेचं भाषांतर करतोय आणि तीन दिवस एकाच वाक्यावर अडून बसलोय. वाक्य साधं आहे: 'रायफलीला बायपॉड लावल्याने अचूकता वाढते.'

बायपॉडला, म्हणजे रायफलीच्या पुढच्या भागाखाली लावायच्या दोन पायांच्या आधाराला, मी आधी 'द्विपाद' लिहिलं. बायकोने वाचून सांगितलं की हे जीवशास्त्राच्या धड्यातलं वाटतं, माणूस द्विपाद प्राणी आहे तसं. मग 'टेकू' लिहिलं. पण आमच्या गल्लीत टेकू म्हणजे पडायला आलेल्या चाळीला लावलेले खांब. रायफल काही पडायला आलेली नसते. तिपाईच्या चालीवर 'दुपाई' चालेल का?

दादरहून

दुपाई मला आवडला. कानाला परका वाटत नाही आणि न सांगता कळतो. 'बेचकं'ही सुचवून ठेवतो. लांब नळीच्या जुन्या तोड्याच्या बंदुका फार जड असत. युरोपातले बंदूकधारी सोळाव्या-सतराव्या शतकात नळीखाली बेचक्यासारखा दांडा रोवत. जेजाला नावाच्या लांब अफगाणी बंदुकांनाही तसा दुशिंगी आधार असे, आणि जेजाला हा शब्द आपल्या जुन्या कागदपत्रांतही भेटतो. म्हणजे वस्तू जुनीच आहे. बेचक्याचा एक पाय जमिनीत आणि दोन शिंगं वर, बायपॉडचे दोन्ही पाय जमिनीवर, एवढाच फरक. त्या फरकामुळेच तुमच्या पुस्तिकेत दुपाई बरा.

मुलुंडहून

दादा, दुपाई चालेल, पण कंसात नको, पहिल्यांदा येईल तिथे 'दुपाई म्हणजे बायपॉड' असं सरळ लिहा. रेंजवर सगळे बायपॉडच म्हणतात. माझी अडचण त्या शब्दाशी नाही, 'अचूकता वाढते' याच्याशी आहे. कॉलेजात एनसीसीत मी पहिल्यांदा .22 रायफल हातात धरली, पुढे बरीच वर्षं वरळीच्या रेंजवर जात होते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

बायपॉड हाताची थरथर काढून घेतो. रायफलीचं वजन हातांवरून जमिनीवर जातं, श्वासाबरोबर हलणारी माशी, म्हणजे नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण, शांत होते. गोळ्या जवळजवळ पडायला लागतात. याला रेंजवर ग्रुप म्हणतात, मी घरी मुलाला सांगताना 'पुंजका' म्हणते. पण पुंजका लहान होणं आणि तो मध्यावर बसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गोळ्या एकाच जागी टाकायची नळीची मूळची ताकद बायपॉडने काडीभरही वाढत नाही.

आमच्याबरोबर एक मुलगा होता. त्याने हौसेने नवा बायपॉड आणला आणि थेट नळीला आवळला. पन्नास मीटरवर पाच गोळ्या झाडल्या. कागद जवळ आणून पाहिला तर पाचही भोकं एकमेकांत घुसलेली, पाहून जीव हरखावा अशी, पण सगळी मध्याच्या दोन बोटं वर. पुढचं सगळं वजन नळीवर आलं होतं आणि ती वर रेटली जात होती. शिवाय गोळी सुटताना नळी थरथरते. नळीला काही बांधलं की ती थरथर बदलते, म्हणजे गोळी बाहेर पडायच्या क्षणी नळीचं तोंड वेगळ्याच जागी असतं. बायपॉड नळीखालच्या लाकडाला लावला आणि पुंजका खाली आला.

मग दुसरं नाटक. सिमेंटच्या ओट्यावर बायपॉडचे पाय ठेवून झाडलं की रायफल टुणकन उडायची आणि भोकं उभी पसरायची. आमच्या सरांनी काही न बोलता पायांखाली दुमडलेलं गोणपाट सरकवलं आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, 'खांद्याने किंचित पुढे रेट.' पायांच्या सांध्यांतली ढिलाई निघाली आणि उडी थांबली. एक पाय लांब, एक आखूड राहिला तर रायफल कलते आणि लांब पल्ल्यावर गोळी त्या बाजूला जाते, हेही तेव्हाच कळलं. आणि वाळूच्या पोत्यावर रायफल टेकवून जुळवलेला नेम बायपॉडवर तसाच राहील असं कधीच धरून चालू नका. ज्या आधारावर झाडायचं, त्याच आधारावर नेम जुळवायचा. पुस्तिकेत हे नसेल तर तळटीप तरी घाला, अगदी मनापासून सांगते.

आता शब्द. 'अचूक' म्हणजे ज्यात चूक नाही. ते असतं किंवा नसतं, थोडं थोडं वाढत नाही. बायपॉड जे देतो त्याला आपल्याकडे 'नेम' हाच शब्द आहे, पण 'पावसाचा काही नेम नाही' म्हणतो त्या अर्थाने. म्हणजे भरवसा: मागची गोळी जिथे गेली तिथेच पुढची जाईल.

ऑलिंपिकच्या स्पर्धेत मात्र हा आधार नसतो. 2024 साली पॅरिसला स्वप्नील कुसाळेंनी पन्नास मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्य घेतलं. त्या प्रकारात गुडघ्यावर, पडून आणि उभ्याने झाडायचं असतं. गुडघ्यावर आणि पडून दंडाला पट्टा चालतो, उभ्याने तोही नाही. आणि दहाचं वर्तुळ 10.4 मिलिमीटरचं, शर्टाच्या बटणाएवढं.

दादरहून

ताई, 'नेम'बद्दल पटलं. एनसीसीत 'शिस्त' शब्द ऐकला असेल ना तुम्ही?

मुलुंडहून

ऐकला म्हणजे काय! उस्ताद हिंदीत सांगायचे, 'शिस्त लो', आणि आम्ही मुली पहिल्या दिवशी ताठ होऊन हात सरळ केले होते. फारसीतून आलेली ही शिस्त म्हणजे नेम, हे दुसऱ्या दिवशी कळलं. आपल्या मराठीत ती वर्गात जाऊन बसली.

गिरगावहून

दोघांचेही आभार. वाक्य आता असं केलंय: 'दुपाई लावल्याने रायफल स्थिर राहते आणि गोळ्यांचा पुंजका घट्ट होतो, मात्र पुंजक्याची जागा बदलू शकते, म्हणून दुपाई लावूनच नेम जुळवून घ्यावा.'

मुलुंडहून

सुरेख. फक्त 'घट्ट'च्या जागी 'लहान' करा. घट्ट वाचलं की नवशिका रायफल आवळून धरेल.