मे महिन्यातल्या शिबिराने धरणाचा लळा लावला, असं तुमच्यापैकी कुणाचं झालंय का?

काठावरची (कोथरूड):

बरेच दिवस हे लिहायचं मनात होतं, आज मुलीच्या सुट्टीचं काय करायचं हा विषय घरात निघाला आणि बसलेच लिहायला. थोडं मोठं झालंय, सांभाळून घ्या.

१९९२ साली पाचवीची परीक्षा संपली आणि आईने मला पवना धरणाच्या काठी दहा दिवसांच्या शिबिराला पाठवलं. पाठवलं म्हणजे शिवाजीनगरला लोणावळा लोकलमध्ये बाकीच्या पंचवीस मुलांबरोबर बसवून दिलं, सोबत वळकटी, एक पत्र्याची ट्रंक आणि घरचा पत्ता आधीच लिहून ठेवलेली दोन पोस्टकार्डं. कामशेतला उतरलो, तिथून काळे कॉलनीची एसटी, पुढे सामान बैलगाडीत टाकून आम्ही चालत. मी अख्खा रस्ता रडत होते हे मला स्वच्छ आठवतं, आणि मग एका वळणावर एकदम पाणी दिसलं, एवढं पाणी की पलीकडचा तुंग किल्ला त्यात उलटा दिसत होता, तिथे जी रडायची थांबले ती परत रडले ते दहाव्या दिवशी निघताना.

शिबिरात ॲक्टिव्हिटी म्हणावी असं फारसं काही नव्हतंच. विहिरीचं पाणी पाळीपाळीने शेंदायचं, ताटं राखेने घासायची, दुपारी आंब्याखाली झोपा नाहीतर नुसते बसा. पण एक काम होतं. पहिल्या दिवशी ताईने आम्हाला पाण्याच्या अगदी कडेला एक काठी रोवायला सांगितली. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर पाणी काठी सोडून दोन विती मागे सरकलेलं. मग तिथे दुसरी काठी. असं रोज. शेवटच्या दिवशी दहा काठ्यांची रांग उभी होती, पहिलीच्या भोवतीचा चिखल वाळून त्याला भेगा पडलेल्या, मधल्या काठ्यांपाशी केसासारखं बारीक गवत उगवलेलं आणि शेवटची अजून ओली. पाणी जातं कुठे असं विचारलं तर ताई म्हणाली पिंपरी-चिंचवडच्या नळांना. माझा मामा चिंचवडला राहायचा. मामाच्या मोरीत आंबे खाऊन हात धुतो ते हे पाणी, हे कळल्यावर मला कितीतरी वेळ काही सुचलंच नव्हतं.

नंतर नववीपर्यंत दर मे महिन्यात तेच शिबिर आणि तोच काठ. आज मी ४४ वर्षांची आहे आणि अजून वर्षातून दोनदा तरी तिथे गेल्याशिवाय मला करमत नाही. तिकोना किती वेळा चढले ते मोजायचं सोडून दिलंय. लोहगडच्या विंचूकाट्यावर गेले की खाली पाणी दिसल्याबरोबर आधी आमच्या शिबिराची जागा शोधते. २०२५ मध्ये लोहगड युनेस्कोच्या यादीत आला तेव्हा मी ऑफिसात पेढे वाटले होते. लग्न ठरलं तेव्हा नवऱ्याला पहिल्यांदा कुठे नेलं असेल तर तिथे. दापोडीला पवना मुळेला मिळते ना, तिथून जाताना रोज नदीकडे बघते, आणि पाण्याचा तो काळा रंग बघून पोटात कालवतं, कारण हे पाणी वर कसं असतं ते मी बघितलंय, त्यात हात घालून तळाचे गोटे मोजलेत.

आता प्रश्न. मुलगी यंदा सहावीत जाईल. गेल्या वर्षी तिला एका दुसऱ्या ठिकाणच्या शिबिराला पाठवलं होतं, तिथे दर पाऊण तासाला नवीन काहीतरी, झिपलाइन, रॅपलिंग, डीजे, आणि पाणी समोर असून पाच दिवसात एकदाही निवांत काठावर बसू दिलं नाही. परत आल्यावर तिला गावाचं नावसुद्धा सांगता येईना. मला तिची चूक वाटत नाही. पण मग असं काय होतं आमच्या त्या दहा दिवसांत, जे आता होत नाहीये? तुमच्यापैकी कुणाला असं एखादं पाणी लहानपणी चिकटलंय का, आणि ते कसं चिकटलं? खरंच सांगा, मला त्यावरून ठरवायचंय.

रानवाट७९:

माझं भंडारदरा. आमच्या शाळेचे एक सर मेच्या शेवटच्या आठवड्यात न्यायचे, मुद्दाम पावसाच्या तोंडावर, कारण तेव्हा काजवे असतात. आम्ही दिवसभर रतनवाडीला अमृतेश्वराच्या देवळात नाहीतर धरणाच्या भिंतीकडे असायचो. ही भिंत १९२६ साली पुरी झाली, विल्सन डॅम म्हणतात, आणि मागच्या पाण्याला आर्थर लेक. प्रवरेचं पाणी. समोर कळसूबाई, १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, हे भूगोलात घोकलेलं होतं पण सरांनी बोट दाखवून 'ते बघ' म्हटल्यावर मला ते पहिल्यांदा समजलं.

रात्री टॉर्च न लावता चालवायचे. पहिली दहा मिनिटं भीती वाटते मग डोळे सरावतात. सादड्याचं एक झाड होतं, त्यावर बुंध्यापासून शेंड्यापर्यंत काजवे आणि सगळे एका लयीत लुकलुकणारे, झाड पेटतंय आणि विझतंय असं. चाळीस पोरं होतो आणि कोणीही तोंडातून शब्द काढला नाही. सर नंतर म्हणाले आता हे झाड तुमचं, वर्षातून एकदा बघून जायचं. मी जातो. मधली दोन वर्षं सोडली तर प्रत्येक वर्षी गेलोय. हल्ली त्या रस्त्यावर हेडलाइट लावलेल्या गाड्यांची रांग असते, मी खाली उतरून एकेकाच्या काचेवर टकटक करून लाइट बंद करायला सांगतो, बहुतेक लोक ऐकतात.

तुमच्या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर म्हणजे कोणीतरी 'हे तुमचं' असं आम्हाला सांगितलं होतं आणि आम्ही ते खरं मानलं.

पवनमावळ:

ताई तुमचं वाचून लिहावंसं वाटलं. मी त्या काठावरचाच. तुमच्यासारखी शिबिराची मुलं लहानपणी आमच्या पडवीत ताक प्यायला यायची, पुण्याची मुलं म्हणून आम्ही लांबून बघायचो, नंतर विटीदांडू एकत्र खेळलो.

एक सांगतो, राग मानू नका. आता सगळे पवना लेक म्हणतात. आम्ही तळं-बिळं कधी म्हटलं नाही, आमच्यासाठी ते धरण. धरण पुरं झालं १९७२ च्या सुमारास, त्याच्या आधी तिथे नदी होती आणि दोन्ही अंगाला भाताची खाचरं. माझ्या आजीचं सासर पाण्याखाली गेलं. मे महिन्यात पाणी उतरलं की जुन्या बांधांच्या ओळी वर येतात, घरांची जोती दिसतात, वाघेश्वराचं देऊळ वर येतं. ते देऊळ वर्षातले बरेचसे महिने पाण्यात असतं आणि उन्हाळ्यात चार दिवस मोकळं होतं, मग लोक दर्शनाला जातात. आजी कधी 'धरणात जाते' म्हणत नाही. ती म्हणते 'गावात जाऊन येते'. नवं लुगडं नेसते, नारळ घेते आणि चिखल वाळलेल्या वाटेने बरोबर घराच्या जोत्यापाशी जाऊन उभी राहते. मी लहान असताना विचारायचो तुला कसं कळतं कुठलं आपलं, ती उंबऱ्याचा दगड पायाने घासून दाखवायची.

तुम्ही दहा काठ्या रोवल्या म्हणालात ना, ते पाणी मागे जात होतं ते आमच्या गावाकडे जात होतं. आमच्यातल्या कितीतरी लोकांचा जमिनीचा प्रश्न आजही तसाच आहे, आणि तंबूवाल्यांचा आवाज रात्री दोनपर्यंत चालतो तेव्हा आजी उठून बसते. पण खरं सांगू का, लहानपणी शिबिराला आलेली माणसं वेगळी ओळखू येतात. गाडी लांब लावतात, कचरा परत नेतात, घरात येऊन म्हातारी कशी आहे विचारतात. तुमच्या मुलीला पाठवाच. फक्त जिथे पाठवाल तिथल्या लोकांना विचारा की मुलांना गावात कुणाच्या घरी नेता का.

दादा_शिबिरवाले:

पंधरा वर्षं पानशेत आणि पवना दोन्हीकडे शिबिरं घेतली, आता गुडघ्यांमुळे थांबलोय. भावनेचं सगळ्यांनी लिहिलंच आहे, मी आधी पाण्याचं लिहितो कारण ते महत्त्वाचं आहे. धरणाचा काठ म्हणजे नदीचा घाट नव्हे. खाली जुने बांध, विहिरी, ओढ्याची पात्रं सगळं तसंच आहे, त्यामुळे कमरेइतक्या पाण्यात एक पाऊल पुढे टाकलं तर एकदम डोक्यावर पाणी होऊ शकतं. उतरलेल्या पाण्याच्या कडेला गाळ असतो, वरून वाळलेला दिसतो आणि पाय गुडघ्यापर्यंत रुततो. चांगले पोहणारे पण इथे दगावलेत. त्यामुळे शिबिरवाल्यांना विचारा की पाण्यात उतरवता का, उतरवत असाल तर दोर बांधून जागा आखता का, प्रत्येक मुलाला त्याच्या मापाचं लाइफ जॅकेट आहे का, काठावर फक्त पाण्याकडेच बघत बसलेला एक माणूस असतो का ज्याला दुसरं काहीही काम नाही, आणि जवळचा दवाखाना किती मिनिटांवर. उत्तर देताना चाचरले तर पाठवू नका, शिबिर कितीही जुनं असो.

आता तुमचा दुसरा प्रश्न. माझा अनुभव असा की मुलांना जागा लागते ती दुपारी दोन ते चार. तेव्हा काहीच ठेवायचं नाही. पहिले दोन दिवस मुलं कंटाळतात, दादा आता काय दादा आता काय करतात, तिसऱ्या दिवशी कुणीतरी खेकड्याचं बीळ शोधून काढतं, कुणी टिटवीची अंडी बघतं आणि लांब उभं राहून बाकीच्यांना अडवतं, की इकडून येऊ नका. ती दुपार भरून टाकली की संपलं. आणि तीच जागा परत परत. पालक म्हणतात गेल्या वर्षी पवना केलं यंदा कोकण करू, मी म्हणायचो तीन वर्षं इथेच पाठवा. दुसऱ्या वर्षी मूल नव्या मुलांना विहीर कुठे आहे ते दाखवतं, तिथे खरी गोष्ट सुरू होते.

शिक्षिका_सिंहगडरोड:

दादांना पूर्ण अनुमोदन. बीएडच्या वेळी वाचलेलं एक आठवलं, लुईज चावला नावाच्या अभ्यासक बाईंनी केंटकी आणि नॉर्वेमधल्या पर्यावरणासाठी काम करणाऱ्या लोकांच्या मुलाखती घेतल्या होत्या १९९० च्या दशकात, की तुम्ही या कामात कसे आलात. दोन गोष्टी पुन्हा पुन्हा निघाल्या, लहानपणी एखाद्या मोकळ्या जागी घालवलेला भरपूर वेळ आणि ती जागा मन लावून दाखवणारं घरातलं किंवा जवळचं मोठं माणूस. वर ताई, सर, आजी आलेच आहेत बघा सगळ्यांच्या लिहिण्यात.

नारायणपेठ_ते_टोरांटो:

इकडे कॅनडात हे शिबिरांचं फार जुनं आहे. अल्गॉन्क्विन पार्क १८९३ चा, आणि तिथल्या कनू लेकवर टेलर स्टॅटन यांनी १९२१ मध्ये मुलांचं अहमेक शिबिर सुरू केलं, १९२४ मध्ये मुलींचं वापोमिओ. दोन्ही अजून चालू आहेत. आजी, आई आणि नात तिघी एकाच शिबिराच्या, अशी घरं माझ्या ओळखीत आहेत. माझा मुलगा पहिल्यांदा गेला तेव्हा परत येऊन सांगत होता की दोन तळ्यांच्या मधल्या रानातून होडी डोक्यावर घेऊन चालायचं, त्याला पोर्टेज म्हणतात, आणि खांद्याला पडलेला वळ कौतुकाने दाखवत होता. मला मात्र ते बघताना खडकवासल्याच्या काठावर बाबांबरोबर खाल्लेली कणसं आठवत होती. त्याचं पाणी ते झालं, माझं हे राहिलं, याचं मला थोडं वाईट वाटतं म्हणून यंदा डिसेंबरात त्याला पानशेतला घेऊन येतोय.

काठावरची:

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस परत परत वाचतेय. पवनमावळ, तुमचं वाचून रडले, राग कसला मानायचा. ज्या देवळाच्या पायरीवर बसून आम्ही वह्यांत चित्रं काढली होती ते वाघेश्वराचंच असणार, कुणाच्या गावात बसलोय हे आम्हाला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. सांगायला हवं होतं.

शिबिराला तर पाठवतेच, दादांचे सगळे प्रश्न लिहून घेतलेत, आजच एका ठिकाणी फोन केला होता, दुपारी काय करता विचारल्यावर त्या बाई म्हणाल्या काही नाही, मुलं पडलेली असतात. मला ते उत्तर फार आवडलं. पण त्याआधी या रविवारी मी आणि मुलगी दोघीच जाऊन येणार आहोत, गाडी न घेता, लोकलनेच. पाणी आता बरंच उतरलं असेल ना? आणि कामशेतहून काळे कॉलनीची सकाळची एसटी सध्या किती वाजता आहे, कुणाला माहीत असेल तर सांगा.

पवनमावळ:

एसटीचा भरवसा नाही रविवारी. कामशेतला उतरलात की इथेच मेसेज टाका, मी येतो न्यायला. देऊळ निम्मं वर आलंय, जोती अजून आठ-दहा दिवसांनी दिसतील. आजीला सांगितलंय, ती विचारतेय मुलगी ताक पिते का.