मदत हवी आहे: 'ऑल-स्टार बेसबॉल'च्या मिसळलेल्या चकत्या, एका बाजूला थांबणारा काटा, उसवलेलं झाकण

जर्सीकर
न्यू जर्सीतल्या एका इस्टेट सेलमधून (घरातलं जुनं सामान विकायला काढतात तो) कडॅको-एलिस या अमेरिकन कंपनीच्या 'ऑल-स्टार बेसबॉल' या बैठ्या खेळाचे दोन खोके एकत्र घेतले आहेत. यात प्रत्येक खेळाडूची पुठ्ठ्याची गोल चकती बोर्डवर ठेवून काटा फिरवतात. काटा चकतीवरच्या ज्या क्रमांकाच्या कप्प्यात थांबेल, तो त्या खेळाडूच्या फटक्याचा निकाल. अडचणी अशा:

१. दोन्ही खोक्यांतल्या खेळाडूंच्या चकत्या एकाच पिशवीत भरलेल्या आहेत. कुठली कुठल्या सालची, हे कसं लावायचं?
२. एका बोर्डवरचा काटा वारंवार एकाच बाजूला थांबतो.
३. एका झाकणाचे तीन कोपरे उसवले आहेत. वर कुणीतरी सेलोटेप लावली होती, ती आता तपकिरी झाली आहे.
४. कुबट वास येतो. खोके जूनमध्ये पुण्याला न्यायचे आहेत.

दुरुस्ती करून अधूनमधून खेळायचंही आहे, फक्त कपाटात ठेवायचं नाही.

सातवी_इनिंग
आधी चकत्या लावा, चिकटवाचिकटवी नंतर. एकदा खोका दुरुस्त केला की त्यातलं सामान त्याच सालचं आहे असं आपण गृहीत धरून बसतो आणि चूक कायमची होते.

खोक्यावरच्या कॉपीराइट सालावर विसंबू नका. हा खेळ १९४१ मध्ये आला, अमेरिकेतल्या मेजर लीग या व्यावसायिक बेसबॉलमधले माजी आउटफिल्डर (दूरच्या मैदानातले क्षेत्ररक्षक) ईथन ॲलन यांनी तो रचला, आणि पुढची कित्येक दशकं नव्या चकत्यांसह तो छापला जात राहिला. कॉपीराइटचं साल मजकुराचं असतं, तुमची प्रत कधी छापली ते त्यावरून कळत नाही. पत्ता जास्त उपयोगी. शहराच्या नावापुढे एक-दोन आकडी पोस्टल विभाग असेल तर छपाई साधारण १९४३ ते १९६३ मधली. पाच आकडी झिप कोड असेल तर जुलै १९६३ नंतरची. जुन्या खोक्यांवर 'कडॅको-एलिस' असतं, नंतरच्यांवर नुसतं 'कडॅको'.

आता चकत्या. एकाच खेळाडूच्या दोन चकत्या आहेत का, हे सर्वांत आधी शोधा. अशा जोड्या सोन्यासारख्या, कारण त्या बहुधा दोन वेगळ्या सालांच्या असतात. खिडकीच्या काचेवर एकावर एक धरून कप्पे जुळवून पाहा. चकतीवरचा कप्पा किती रुंद, हे त्या खेळाडूच्या आकडेवारीवरून ठरतं. उदाहरणार्थ, १९२७ मध्ये बेब रूथ या खेळाडूचे ६९१ प्लेट अपिअरन्सेसमध्ये (फलंदाजीच्या पाळ्यांत) ६० होमरन (क्रिकेटच्या षटकारासारखे फटके) होते. त्यावर चकती काढली तर होमरनचा १ क्रमांकाचा कप्पा साधारण ३१ अंशांचा होईल. साल बदललं की १, ९ (वॉक, म्हणजे चार चुकीच्या चेंडूंमुळे न मारता मिळणारा पहिला तळ) आणि १० (स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइकनंतर बाद) या कप्प्यांची रुंदी बदलते. ७ आणि १३ दोन्ही सिंगल (पहिल्या तळापर्यंत नेणारा फटका) आहेत, ते दोन ठिकाणी विभागलेले असल्यामुळे फरक डोळ्यांना लवकर दिसत नाही. म्हणून १ आणि १० पाहा.

जोड्यांचे दोन ढीग झाले की प्रत्येक ढिगातली एक चकती नमुना म्हणून पुढ्यात ठेवा. पुठ्ठ्याची जाडी, मागच्या बाजूचा रंग, मधल्या छिद्राची कड, आकड्यांची शाई या चार गोष्टी ताडून उरलेल्या चकत्या वाटा. दिवसाच्या उजेडात करा. पिवळ्या बल्बखाली सगळे पुठ्ठे सारखेच दिसतात.

मग साल. ढिगातला सर्वांत उशिरा पदार्पण केलेला खेळाडू ही खालची मर्यादा. विली मेज असेल तर १९५१ च्या आधीचा संच नाही, हँक ॲरन असेल तर १९५४ च्या आधीचा नाही. वरची मर्यादा निवृत्तीवरून काढताना सावध राहा. टेड विल्यम्स १९६० ला थांबला म्हणून त्याची चकती त्याआधीचीच, असं होत नाही, कारण नंतरच्या संचांत जुन्या दिग्गजांच्या चकत्याही आल्या.

एखादी चकती फारच कोरी वाटली तर अल्ट्राव्हायोलेट टॉर्चखाली धरा. १९४० च्या दशकाच्या सुरुवातीचा कागद निळसर चमकत नाही, कारण कागद पांढराशुभ्र दाखवणारी रसायनं त्यानंतर वापरात आली. चमकली तर ती नंतरची. नाही चमकली म्हणून मात्र जुनी ठरत नाही.

खळ_आणि_पुठ्ठा
काट्याचं आधी. बोर्ड ९० अंश फिरवा आणि काटा पुन्हा फिरवून पाहा. काटा खोलीतल्या त्याच दिशेला थांबत असेल तर टेबल उतरतं आहे. बोर्डवरच्या त्याच जागी थांबत असेल तर बोर्ड तिथे वाकलाय किंवा रिव्हेटला (काटा ज्यावर फिरतो त्या धातूच्या खिळीला) कंगोरा आलाय. नुसत्या अंदाजावर जाऊ नका. कोऱ्या पुठ्ठ्याची चकती कापून १२ सारखे भाग पाडा आणि २४० वेळा फिरवा. प्रत्येक भागाला सरासरी २० यायला हवेत. १२ ते २८ पर्यंतचा चढउतार नैसर्गिक आहे, एखाद्या भागाला ३२-३५ आले तर मात्र दोष आहे.

तेल अजिबात नको. ते रिव्हेटमधून पुठ्ठ्यात झिरपतं आणि डाग कधीच जात नाही. कुलपांसाठी मिळते ती ग्रॅफाइट पूड टूथपिकच्या टोकावर घेऊन रिव्हेटला लावा, खाली कागदाची चकती ठेवा म्हणजे छपाई काळी होणार नाही. काटा वाकवून सरळ करायला जाऊ नका, जुना पत्रा मुळाशी तुटतो.

सेलोटेप: हेअर ड्रायर कमी तापमानावर, एका हाताच्या अंतरावरून. प्लॅस्टिकची पट्टी एका टोकाने सैल झाली की पृष्ठभागाला जवळजवळ समांतर, अगदी सावकाश ओढा. सरळ वर ओढलीत तर छापील कागद सोबत येईल. मागे राहिलेला चिकटा क्रेप रबरने (चिकटा उचलणाऱ्या खडबडीत रबराच्या तुकड्याने) गोळा होतो. तपकिरी डाग मात्र राहणार. सॉल्व्हंट लावू नका, शाई पसरते.

कोपरे: आतल्या बाजूने जपानी कागदाच्या (लांब धाग्यांचा पातळ पण चिवट हातकागद) पट्ट्या, साधारण २ सेंटिमीटर रुंद, कडा कापलेल्या नकोत, पाण्याची रेघ ओढून फाडलेल्या हव्यात. कापलेली कड पुढे बाहेरून उमटते. खळ गव्हाच्या स्टार्चची: १ भाग स्टार्च, ५ भाग पाणी, मंद आचेवर सतत ढवळत २०-३० मिनिटं, गार झाल्यावर चाळणीतून दोनदा. मैद्याची नको, त्यातल्या ग्लुटेनमुळे ती पिवळी आणि ठिसूळ होते. कुरडयांचा चीकही नको. भिजवून आंबवलेल्या गव्हाचा असल्यामुळे त्यात आम्ल उतरतं, आणि कागदाचा खरा शत्रू तेच. खळ पातळ लावा, वर ब्लॉटिंग पेपर आणि वजन, रात्रभर. जास्त ओली राहिली तर झाकणाची बाजू आत वळते.

जर्सीकर
धन्यवाद दोघांना. बोर्ड फिरवल्यावर काटा खोलीतल्या त्याच बाजूला थांबतोय. आणि जोड्या लावताना एका ढिगात काही चकत्या कमी दिसताहेत. छापून पूर्ण करू का?

सातवी_इनिंग
म्हणजे बोर्ड ठीक आहे. मोबाइलमधला लेव्हल वापरून टेबलाच्या पायाखाली कागद घाला, प्रश्न संपला.

चकत्या खेळण्यापुरत्या जरूर छापा. आम्लविरहित जाड कागद घ्या, मागे पेन्सिलीने 'नक्कल' आणि साल लिहा, वेगळ्या पाकिटात ठेवा. मूळ ढिगात मिसळू नका. नाहीतर पुढे कुणी हा संच घेतला तर त्याला पुन्हा हाच सगळा खटाटोप करावा लागेल. अस्सल चकत्या टपालाने मागवताना विक्रेता 'मीडिया मेल'ने (अमेरिकन टपाल खात्याच्या स्वस्त दराने) पाठवतो म्हणाला तर नको म्हणा. ती सवलत पुस्तकं-ध्वनिमुद्रणांसाठी आहे, खेळांना लागू नाही. टपाल खात्याने पार्सल तपासलं तर फरकाचे पैसे मागितले जातात.

खळ_आणि_पुठ्ठा
वास आणि पुणे राहिलं. पांढुरकी, मऊ बुरशी दिसत असेल तर एन-९५ मास्क लावून बाहेर उघड्यावर मऊ ब्रशने झाडा, पण खोका पूर्ण कोरडा झाल्यावरच. ओली बुरशी झाडली तर कागदात घासली जाते. मग मोठ्या डब्यात खोका उघडा ठेवा, शेजारी वाटीत ॲक्टिव्हेटेड चारकोल (खोक्याला टेकू न देता), झाकण बंद, आठ-दहा दिवस. अत्तर-अगरबत्तीचा प्रयोग नको.

जमत असेल तर जून टाळून नोव्हेंबरात न्या. नाहीच जमलं तर हवाबंद पॉलिप्रॉपिलीनचा डबा, आत सिलिका जेल (ओलावा शोषणारे, ओले झाले की रंग बदलणारे दाणे) आणि छोटा आर्द्रतामापक. आर्द्रता ४० ते ५० टक्के राखा, ६५ च्या वर गेलं की बुरशी परत येते. दाणे रंग बदलले की ओव्हनमध्ये साधारण १२० अंश सेल्सिअसला दोन तास तापवा. डांबराच्या गोळ्या ठेवू नका, त्यांच्या वाफेने काही प्लॅस्टिकच्या सोंगट्या मऊ पडतात. कसर लागल्याची शंका असेल तर घट्ट पिशवीत बंद करून उणे २० अंशांच्या फ्रीझरमध्ये आठवडाभर. बाहेर काढल्यावर पिशवी एक दिवस उघडायची नाही, नाहीतर गार पुठ्ठ्यावर दव धरतं. चकत्यांना रबरबँड नको, कागदी पट्टी गुंडाळा. आणि खोके एकावर एक दोनच, त्याहून जास्त वजन आलं तर नवे जोडलेले कोपरेच आधी सुटतील.