घिब्लीच्या लघुपटांविषयी थोडी भर

जपानच्या घिब्ली या अ‍ॅनिमेशन स्टुडिओचे लघुपट म्हणजे मोठ्या चित्रपटांतून उरलेल्या वेळातले किरकोळ काम, हे मत मला अजिबात पटत नाही. २००१ साली तोक्योच्या पश्चिमेकडील मिताका येथे घिब्ली संग्रहालय उघडले, तेव्हा तळघरातल्या सुमारे ८० आसनांच्या छोट्या चित्रगृहासाठी खास लघुपट करायचे हे ठरवूनच त्यांची निर्मिती सुरू झाली, आणि ‘कुजिरातोरी’ हा लहान मुलांच्या खेळातून देवमासा अवतरवणारा सोळा मिनिटांचा लघुपट त्याच वर्षी आला.

माझ्या दृष्टीने घिब्लीचे दिग्दर्शक हयाओ मियाझाकी यांचा २००६ सालचा ‘यादोसागाशी’ या सगळ्यांत मोलाचा आहे. फुकी नावाची मुलगी भलीमोठी लाल पिशवी पाठीला लावून नव्या घराच्या शोधात निघते, आणि वाटेत नदी, गवत, किडे जे जे भेटेल त्याला सफरचंद देऊन पुढे जाते. वाऱ्यापाण्यापासून पावलांपर्यंतचे सारे आवाज विनोदी कलाकार तामोरी आणि गायिका आकिको यानो या दोघांनीच तोंडाने काढले आहेत, आणि ते ध्वनी जपानी अक्षरे होऊन पडद्यावर वाहतात, दाटतात, अंगावर येतात. ज्यांच्या कानांत खळखळ, सळसळ, रपरप असे शब्द लहानपणापासून मुरले आहेत, त्यांना यातला आनंद कुणी समजावून सांगावा लागत नाही.

पूर्ण लांबीच्या चित्रपटात इतका धाडसी प्रयोग दीड-दोन तास पेलणे अवघड गेले असते. बारा मिनिटांत तो सहज पेलला आहे.