पाव इंचाच्या मुलांची गोष्ट सहासष्ट भाग कशी पुरली?

प्रश्न

१९८९ साली आलेला ‘हनी, आय श्रंक द किड्स’ हा जो जॉन्स्टन यांचा चित्रपट मी लहानपणापासून किती वेळा पाहिला असेल, याची मोजदाद नाही. माळ्यावर ठेवलेल्या बापाच्या यंत्रासमोर चुकून गेलेली चार मुले पाव इंचाची होतात, केराबरोबर अंगणाच्या पार टोकाला जाऊन पडतात आणि वाढलेल्या गवतातून घराच्या दारापर्यंत पोहोचताना त्यांची पुरती दमछाक होते, एवढीच ती गोष्ट. याच चित्रपटावरून पुढे दूरचित्रवाणी मालिकाही निघाली होती, हे मला अलीकडे कळले आणि तिचे सुरुवातीचे काही भाग मी पाहिले.

पाहताना एक शंका आली, ती अजून फिटलेली नाही. असा अपघात एका घरात एकदाच होतो आणि तो निस्तरला की गोष्ट संपते, म्हणून तर चित्रपट पाहताना जीव टांगणीला लागतो. मालिकेत मात्र दर आठवड्याला काही ना काही विपरीत घडते आणि शेवटी सगळे पूर्ववत होते. मग प्रेक्षकाला धास्ती वाटणार कशाची? शिवाय या मालिकेला ‘सिटकॉम’, म्हणजे प्रसंगनिष्ठ विनोदी मालिका, म्हटले जाते; पाऊण तासाच्या भागांना ते नाव देणे कितपत योग्य आहे? जाणकारांनी कृपया लिहावे.

पहिला प्रतिसाद

आपल्या शंकेचे बरेचसे उत्तर ही मालिका विकली कशी गेली, यात आहे. सप्टेंबर १९९७ ते मे २००० या काळात तिची प्रत्येकी बावीस भागांची तीन पर्वे झाली. ती कोणत्याही एका मोठ्या राष्ट्रीय वाहिनीसाठी तयार झालेली नव्हती. अमेरिकेत जिला सिंडिकेशन म्हणतात, त्या पद्धतीने ती गावोगावच्या स्थानिक केंद्रांना विकली गेली आणि प्रत्येक केंद्राने ती आपापल्या सोयीच्या वेळी दाखवली. अशा व्यवस्थेत प्रेक्षकाने मागचा भाग पाहिलेला असेलच, याची लेखकाला शाश्वती नसते. म्हणून प्रत्येक भाग स्वतंत्र असावा लागतो आणि शेवटी घराची घडी पुन्हा जशीच्या तशी बसवावी लागते. पुनःप्रक्षेपणाचा हिशेबही त्यात असतो. रोज एक याप्रमाणे आठवड्याचे पाच दिवस दाखवायचे म्हटले, तर तेरा आठवड्यांना पासष्ट भाग लागतात. या मालिकेचे सहासष्ट आहेत!

चित्रपटातला तो अपघात इतक्या भागांना पुरणार नाही, हे लेखकांनी ओळखले होते, असे मला वाटते. त्यामुळे त्यांनी यंत्राकडचे लक्ष काढून ते यंत्र बनवणाऱ्या माणसाकडे वळवले. पहिल्याच भागाच्या नावात आजोबांनी घरच्यांना गिळल्याची वर्दी आहे, म्हणजे आकार लहान होण्याचा मूळ खेळ तिथेच उरकून घेतलेला दिसतो. नंतरच्या एका भागाच्या नावात तर खुद्द घरच घरच्यांच्या जिवावर उठलेले आहे. सगळ्या भागांची नावे ‘हनी’ या हाकेने सुरू होतात, आणि मला ती हाक फार मार्मिक वाटते. नवरा बायकोला कबुली देतो आहे की आज पुन्हा काहीतरी घोळ झाला! चित्रपटात ती हाक एकदाच येते, मालिकेत ती त्या घराची रीतच होऊन बसते. चित्रपटात प्रश्न असतो मुले वाचतील का, आणि मालिकेत प्रश्न असतो की वेन झालिन्स्की नावाच्या या लोभस पण बेभरवशाच्या माणसाबरोबर संसार करायचा कसा. मुले वाचणार हे पहिल्या मिनिटापासून ठाऊक असते, दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र एका भागात मिळत नाही. म्हणून ती चालली.

मालिकेत वेनची बायको डायॅन वकील आहे, हा बदल मला नेमका वाटतो. नवऱ्याच्या प्रत्येक प्रयोगामागून जबाबदारीचा प्रश्न येतो आणि तो विचारण्याची सवय असलेली व्यक्ती त्याच घरात राहते. शेजारी राहणारा जेक मॅकेना हा गावाचा पोलीसप्रमुख, त्यामुळे कायदा कुंपणापलीकडे उभाच असतो. बाकी ‘सिटकॉम’ या नावावरून वाद घालण्यात मला फारसा अर्थ दिसत नाही. तो शब्द एरवी स्टुडिओत प्रेक्षकांसमोर चित्रित होणाऱ्या अर्ध्या तासाच्या मालिकांना शोभतो, आणि ही तासाभराच्या वेळेत बसणारी, दृश्यचमत्कारांवर चालणारी मालिका आहे. तिला कौटुंबिक विनोदी विज्ञानमालिका म्हणावे.

दुसरा प्रतिसाद

वरच्या विवेचनाशी मी सहमत आहे, पण त्यात एक मोठी उणीव राहून गेली आहे. चित्रपटातली धास्ती केवळ कथेतून आलेली नव्हती, ती नेपथ्यातून आली होती. माणसाच्या कितीतरी पट उंचीची गवताची पाती, ज्याच्या आत मुले रात्र काढतात तो खेळण्यातला लेगोचा ठोकळा, क्रीम भरलेले ते अवाढव्य बिस्किट, हे सगळे खरोखर बांधलेले होते आणि नटांचे हात त्याला खरोखर लागत होते. जॉन्स्टन स्वतः ‘स्टार वॉर्स’च्या दृश्यचमत्कारांवर काम करून आलेले असल्यामुळे बिस्किटाच्या चुऱ्यालाही वजन असते, हे त्यांना ठाऊक होते. मालिकेला दर आठवड्याला असे जग उभारणे परवडणारे नव्हते. कथा कोलोरॅडोतल्या मॅथेसन या गावी घडते आणि चित्रीकरण कॅनडातल्या कॅल्गरीला झाले आहे. रॉकी पर्वताची सोबत दोन्हीकडे असल्यामुळे ते खपून जाते, पण दृश्यांतली काटकसर मात्र लपत नाही. चित्रपटाच्या आठवणीने मालिका पाहायला बसलेल्या माणसाची निराशा होणार, हे आधीच सांगून ठेवलेले बरे.

तिसरा प्रतिसाद

विज्ञानाबद्दल कोणीच लिहिले नाही, म्हणून थोडे लिहितो. दीड मीटर उंचीचे मूल सहा मिलिमीटरचे झाले, तर त्याची उंची अडीचशे पटींनी घटते, त्वचेचे क्षेत्रफळ साडेबासष्ट हजार पटींनी आणि घनफळ सुमारे दीड कोटी पटींनी घटते. अणूंमधली रिकामी जागा कमी केली, असे स्पष्टीकरण चित्रपटात येते. पण मग वजन पूर्वीइतकेच राहायला हवे, आणि तसे मूल मुंगीच्या पाठीवर बसले तर मुंगीचे काय होईल, हे सांगायला नको. वजनही घटते असे मानले, तर दुसरा घोटाळा होतो. जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९२६ च्या आपल्या एका प्रसिद्ध निबंधात दाखवून दिले आहे की अंघोळ करून बाहेर आलेल्या माणसाच्या अंगावर साधारण अर्धा किलो पाणी असते, भिजलेल्या उंदराला स्वतःच्या वजनाइतके पाणी वाहावे लागते, आणि भिजलेल्या माशीला तर स्वतःच्या कित्येक पट. गवतावरच्या तुषारांमध्ये सापडलेल्या त्या मुलांना थेंबाच्या माऱ्यापेक्षा त्याच्या चिकटण्याची भीती अधिक होती.

एक गोष्ट मात्र चित्रपटात बरोबर जमून आली आहे, मग ती जाणून केलेली असो वा नसो. स्वरयंत्र जितके लहान, तितका आवाज उंच पट्टीचा. इतक्या लहान मुलांची हाक माणसाच्या ऐकण्याच्या मर्यादेपलीकडे, म्हणजे वीस हजार हर्ट्झच्या वर जाण्याची शक्यता आहे, आणि कुत्र्याला मात्र त्याहून बरेच उंच आवाज ऐकू येतात. आता न्याहारीचा प्रसंग आठवा. वेनच्या चमच्यात दुधाबरोबर मुलगा आलेला आहे, त्याचे ओरडणे बापाला ऐकू येत नाही, आणि क्वार्क नावाचा कुत्रा धावत येऊन वेनच्या पायाला चावतो. घरात खरा शास्त्रज्ञ कुत्राच म्हणायचा. मालिकेत तो कायम ठेवला, याचे मला फार समाधान आहे.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

सर्वांचे मनापासून आभार. मुलांची हाक हा मुद्दा मला कधीच सुचला नव्हता. आता एकच शंका उरते. वेनच्या भूमिकेत रिक मोरॅनिस यांच्या जागी पीटर स्कोलारी आहेत, तेव्हा मालिका ही चित्रपटाच्या पुढची गोष्ट समजावी की वेगळीच? दुसऱ्या चित्रपटातला वेनचा धाकटा मुलगा अ‍ॅडम तर मला अजून कुठे दिसला नाही.

चौथा प्रतिसाद

वेगळीच समजावी. १९९२ च्या चित्रपटात राक्षसी आकाराचा झालेला अ‍ॅडम मालिकेत नाहीच, तिथे एमी आणि निक ही दोनच मुले आहेत. गंमत अशी की १९९७ मध्येच तिसरा चित्रपट थेट व्हिडिओवर आला आणि त्यात वेन मोरॅनिसच होते, म्हणजे एकाच वर्षी दोन वेन नांदत होते. मोरॅनिस यांचा वेन संकोची आहे, वाक्य तोंडातच ठेवणारा. स्कोलारी यांचा वेन उत्साहाने फसफसणारा आहे, आणि दर आठवड्याला नवे यंत्र घेऊन यायचे तर असाच माणूस हवा. तुलना बाजूला ठेवून आणखी दोन-तीन भाग पाहा. निकचे काम करणारा थॉमस डेकर हा मुलगा पुढे ‘टर्मिनेटर’वरच्या मालिकेत जॉन कॉनर झाला, त्याच्याकडे लक्ष असू द्या.