मदत हवी आहे : फर्नेस पेटते आणि लगेच विझते

नमस्कार मंडळी,

आम्ही एडिसनला (न्यू जर्सी) राहतो. घर मागच्या वर्षीच घेतलं. बेसमेंटमध्ये गॅसची फर्नेस (घर गरम करणारी भट्टी) आहे, पांढरे पीव्हीसी पाइप बाहेर जातात त्या प्रकारची. थंडीआधी एकदा बघावं म्हणून काल थर्मोस्टॅट ६८ फॅरनहाइटवर लावला. आधी छोटा पंखा घुंघुं करतो, इग्नायटर लालभडक होतो, निळी ज्योत छान पेटते, आणि चार-पाच सेकंदांत सगळं बंद. दोन-तीनदा असं झालं की गप्पच.

हवेचा फिल्टर काढला (१६×२५×१ इंच), तर धुळीची करडी गोधडी झालेली! नवा मर्व्ह ८ (गाळण्याच्या क्षमतेची श्रेणी) घातला, फरक शून्य. मला फ्लेम सेन्सरची, म्हणजे ज्योत पेटली की नाही ते ओळखणाऱ्या सळईची, शंका येतेय. त्या सळईवर थर बसला की ज्योतीतून मिळणारा मायक्रोअँपचा करंट कंट्रोल बोर्डपर्यंत पोचत नाही आणि गॅस व्हॉल्व्ह बंद होतो.

स्विच आणि गॅस बंद करून ती सळई कोणी घरी साफ केली आहे का? कशाने घासली? बारीक स्टील वूल चालेल की सँडपेपरने ओरखडे पडतात? कंडेन्सेटच्या (धुरातली वाफ थंड होऊन जमणाऱ्या पाण्याच्या) नळीत पाणी तुंबलं तर फर्नेस मुळात पेटणारच नाही ना?

एका टेक्निशियनने झाकणही न उघडता नवीन फर्नेस घ्या म्हणून सांगितलं, ते काही पटलं नाही. आई-बाबा पुण्याहून आलेत, आईला थंडी अजिबात सोसत नाही. कार्बन मोनॉक्साइडचे अलार्म दोन्ही मजल्यांवर आहेत. जवळपासचा कोणी प्रामाणिक माणूस माहीत असेल तर प्लीज मेसेज करा.